जुन्या घरातले वाकडेतिकडे स्टड सुतात कसे आणायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरात प्लास्टर उतरवलं की आत जे दिसतं ते बघून बऱ्याच जणांचा धीर सुटतो. एक स्टड पुढे, एक मागे, एक पिळलेला, एखाद्याच्या कडेला अजून झाडाची साल तशीच. घाबरू नका, असंच असतं. क्रमाने वाचलंत तर बरं, पण काम जिथे अडलंय तिथून सुरू केलं तरी चालेल, फक्त रंधा हातात घ्यायच्या आधी मोजण्याचा भाग तेवढा नक्की वाचा.

स्टड म्हणजे नक्की कुठलं लाकूड?

भिंतीच्या आतली उभी लाकडं. खाली एक आडवी प्लेट, वर एक आडवी प्लेट आणि मधे ठरावीक अंतरावर हे स्टड, बहुतेक वेळा मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच म्हणजे साधारण ४०६ मिमी, कुठे कुठे २४ इंच. जुन्या घरात हे अंतर सगळीकडे सारखं असेलच असं धरून चालू नका, आधी टेप लावा, कारण पुढे भिंतीवर लावायच्या जिप्सम बोर्डाचा सांधा स्टडच्या मधोमध यायला हवा असतो.

भिंत इतकी वर्षं सरळ दिसत होती, मग आत सगळं वाकडं कसं?

कारण ती सरळ स्टडमुळे नव्हती, प्लास्टरमुळे होती. पूर्वी स्टडवर लाकडाच्या बारीक पट्ट्या आडव्या ठोकायचे आणि त्यावर ओल्या प्लास्टरचे थर द्यायचे. गवंडी खळग्यात जास्त माल भरायचा, पोट आलेल्या जागी कमी, आणि वरून लांब पट्टी फिरवून भिंत एका पातळीत आणायचा. म्हणजे सुताराने सोडलेला फरक गवंडी खाऊन टाकायचा, त्यामुळे सुतारालाही फार डोकं लावायची गरज नसायची. आता आपण तिथे कारखान्यातून आलेला एकसारख्या जाडीचा जिप्सम बोर्ड लावतो आणि बोर्ड काही खात नाही, मागे जे आहे तेच पुढे दाखवतो.

दुसरं कारण लाकूडच. आजचा टू बाय फोर (दोन बाय चार इंच या नावाने मिळणारा स्टड) प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो, ३८ बाय ८९ मिमी, आणि मशीनवर चारही बाजूंनी रंधलेला. जुना स्टड बरेचदा करवतीतून जसा निघाला तसाच लावलेला, जाडीला खरोखरच दोन बाय चारच्या जवळपास, पण शेजारच्या दोन स्टडमध्ये दोन-तीन सुतांचा फरक सहज. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीच्या आसपास. पुढे दोन्ही मापं येतील.) त्यात लाकूड भिंतीत लागल्यावर वाळलं, आकसलं, पिळलं, कुठे घर एका बाजूला बसलं. सगळा दोष जुन्या सुताराच्या माथी मारू नका.

किती फरक चालतो?

जिप्सम बोर्डासाठी सगळीकडे वापरला जाणारा नियम असा की एका स्टडची पुढची कड शेजारच्या स्टडच्या पातळीपेक्षा एक सूत, म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त पुढे-मागे नसावी. शेजारच्या, हा शब्द लक्षात ठेवा. १२ फुटांच्या भिंतीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू पाऊण इंचाचा फरक पडत गेला तर कुणालाही दिसणार नाही, पण सलग तीन स्टडमधला मधला अर्धा इंच पुढे असेल तर रंग लावल्यावर खिडकीतून तिरका उजेड पडला की पोट ठळक दिसतं.

टाइल लावायची असेल तर हिशोब कडक. १५ इंच किंवा त्याहून लांब कडेच्या टाइलला १० फुटांत १ सूत एवढाच फरक चालतो, म्हणजे ३ मीटरला ३ मिमी.

भिंत ओळंब्यात पण नाही. तीही सरळ करू का?

इथे सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. भिंत सपाट असणं वेगळं आणि ओळंब्यात, म्हणजे अगदी उभी असणं वेगळं. सपाट म्हणजे सगळे स्टड एका पातळीत, मग ती पातळी थोडी कललेली का असेना. ८ फूट उंचीत अर्धा इंच कललेली पण सपाट भिंत डोळ्याला बिलकुल खटकत नाही. उलट तीच भिंत ओळंब्यात आणायला गेलात तर वरच्या बाजूला अर्धा इंच भर पडते, मग छताचा कोपरा, शेजारची भिंत, दाराची चौकट सगळं जुळवत बसा.

ओळंबा पाळायलाच हवा अशा जागा मोजक्या आहेत: किचनची कॅबिनेटं जिथे बसणार ती भिंत, शॉवरच्या काचेची बाजू, दाराच्या चौकटीलगतचे स्टड आणि मजल्यापासून छतापर्यंतचं बिल्ट-इन कपाट. बाकी ठिकाणी माझं मत स्पष्ट आहे, सपाट करा आणि पुढे चला. जुन्या घरात एक भिंत अगदी ओळंब्यात आणली की बाकीच्या तीन वाकड्या दिसायला लागतात.

काम सुरू करण्याआधी काय तपासायचं?

सरळपणाच्या आधी जिवाचं बघा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरात ते आहे असंच धरून चालतात, आणि वय माहीत नसेल तर तुम्हीही तसंच धरा. काही जुन्या प्लास्टरमध्ये, सांधे भरायच्या मालात आणि पोकळीत भरलेल्या व्हर्मिक्युलाइटच्या दाण्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस निघतो. संशय असेल तर हात लावू नका, नमुना लॅबमध्ये तपासून घ्या, रिपोर्ट येईपर्यंत तोडफोड बंद. साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही.

मग वायरिंग. १९४० च्या दशकापर्यंतच्या घरांत चिनी मातीच्या बुटक्यांवरून आणि नळ्यांमधून नेलेल्या सुट्या वायर सापडतात, त्यांचं इन्सुलेशन हात लावला की गळून पडतं. भिंत उघडी आहे तोवर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि लाकूड जिवंत आहे का ते बघा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्टडच्या बुडाशी, खिडकीखाली आणि बाथरूमच्या भिंतीत जोरात टोचायचं. आत घुसलं तर लाकूड कुजलंय किंवा किड्याने पोखरलंय. असा स्टड सरळ करून उपयोग नाही, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मग स्टड बदला. भिंतीचं पोट एकाच जागी भरपूर असेल, वरची प्लेट खाली झुकली असेल किंवा पायाला तडे असतील तर तो विषय सुताराचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे.

मोजायचं कसं? नुसत्या डोळ्याने नाही का चालत?

डोळ्याने फक्त सर्वात वाईट स्टड कळतो. पाच-सहा मिमीचा फरक डोळ्याला कळत नाही आणि बोर्डावर मात्र दिसतो.

दोरीची पद्धत जुनी आणि भरवशाची. एकाच फळीतून सारख्या जाडीचे तीन ठोकळे कापा. दोन ठोकळे भिंतीच्या दोन टोकांच्या स्टडवर एकाच उंचीला ठोका आणि त्यावरून दोरी घट्ट ताणा, झोळ नको. तिसरा ठोकळा हातात घेऊन प्रत्येक स्टड आणि दोरी यांच्या मधे सरकवून बघा. ठोकळा दोरीला ढकलतो म्हणजे स्टड पुढे आहे, फट राहते म्हणजे मागे. हे वर, मधे आणि खाली अशा तीन उंच्यांवर करा, कारण पोट बहुतेक वेळा मधेच असतं आणि दोन्ही टोकं शहाण्यासारखी जागेवर.

लेझर असेल तर आणखी सोपं: भिंतीला समांतर, दोनेक इंच पुढे उभी रेघ पाडायची आणि प्रत्येक स्टडच्या कडेपासून रेघेपर्यंत स्केलने मोजायचं. फक्त लेझर दोन टोकांना सारख्याच अंतरावर लावलाय ना ते आधी बघा.

प्रत्येक माप त्याच जागी स्टडवर पेन्सिलने लिहा. पुढे असेल तर अधिक ४, मागे असेल तर उणे ६ असं. कागदावर लिहिलं की कागद हरवतो. सगळी भिंत अशी आकड्यांनी भरली की दोन पावलं मागे येऊन बघा, काम अर्धं तिथेच ठरतं.

शेवटी एक लांब सरळ पट्टी लागतेच, ६ ते ८ फुटांची. अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन किंवा प्लायवुडच्या शीटची कारखान्यातली कड कापून घेतलेली पट्टी. पट्टी सरळ आहे का हे तपासायचं असेल तर तिच्या कडेने जमिनीवर रेघ मारा, पट्टी उलटी करा, त्याच कडेने परत रेघ मारा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर पट्टी खरी.

आता आकडे आहेत. पातळी कुठली धरायची?

सर्वात पुढे आलेला स्टड शोधा. तो बाकीच्यांपेक्षा थोडासाच पुढे असेल तर तीच पातळी धरायची आणि बाकी सगळे पॅकिंग देऊन, म्हणजे पुढच्या कडेवर पट्ट्या लावून, त्याच्याबरोबर आणायचे. पण एकटाच दोन-तीन सूत पुढे असेल आणि बाकी सगळे जवळपास एका रांगेत, तर त्या एकासाठी सगळी भिंत पुढे आणण्यात अर्थ नाही, त्यालाच रंधा मारा. ठरलेल्या पातळीची रेघ जमिनीवर आणि छतावर खडूच्या दोरीने मारून ठेवा, मग काम करताना परत परत विचार करावा लागत नाही.

रंधा मारायचा की पॅकिंग द्यायचं?

शक्यतो भर घाला, लाकूड काढू नका. मागे राहिलेल्या स्टडला पट्टी लावणं कधीही मागे घेता येतं, काढलेलं लाकूड परत येत नाही. शिवाय स्टडचा ताठपणा त्याच्या खोलीच्या घनावर अवलंबून असतो. ८९ मिमीच्या स्टडमधून पूर्ण लांबीवर ९ मिमी काढलेत तर खोली जेमतेम दहावा हिस्सा कमी होते पण ताठपणा पाव भागापेक्षा जास्त घटतो. बाहेरच्या भिंतीवर वाऱ्याचा जोर असतो आणि तिथे मधली उंचीच कामाची असते, नेमकं तिथलंच पोट आपण रंधतो.

एक-दोन सुतांचा उंचवटा मात्र बिनधास्त रंधा. इलेक्ट्रिक रंध्याने एका वेळी १ ते २ मिमी, पेन्सिलने कुठून कुठपर्यंत ते रंगवून ठेवा, दोन्ही टोकांना हळूहळू उतरवा म्हणजे खाच पडणार नाही. आणि आधी खिळे! जुन्या पट्ट्यांचे बारीक खिळे प्रत्येक स्टडवर डझनांनी असतात आणि एक जरी राहिला तरी ब्लेड गेलं. डोळ्याने बघून मग चुंबक फिरवा, निघत नसेल तो खिळा पंचने खोल बसवा. चष्मा लावाच. जुनं लाकूड वाळून टणक झालेलं असतं, त्यामुळे घाई केली की रंधा उड्या मारतो.

पॅकिंगला काय वापरू?

एक-दोन मिमीला जिप्समच्या कामासाठी मिळतात त्या जाड पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या स्टेपल करायच्या. जास्त हवं असेल तर एकावर एक, पण खालची लांब, वरची आखूड, म्हणजे खळग्याच्या मधे जास्त जाडी आणि टोकांना कमी. ५ मिमीच्या पुढे प्लायवुडच्या पट्ट्या कापून लावा. अर्ध्या इंचाच्या वर गेलं तर पट्ट्यांचा नाद सोडा, सरळ शेजारी नवा स्टड लावा.

पॅकिंग सलग हवं, एवढं पाळा. स्क्रूपुरते लाकडाचे तुकडे ठेवून मधे फट सोडली तर बोर्ड तिथे आत दबतो, स्क्रूचं डोकं वर येतं आणि वर्षभरात रंगावर टिकल्या उमटतात.

शेजारी नवा स्टड लावायचा म्हणजे कसं?

याला सिस्टरिंग म्हणतात आणि माझ्या मते जुन्या भिंतीसाठी हाच सगळ्यात बरा उपाय आहे. जुना स्टड जसा आहे तसा राहतो, त्याच्या कुशीला नवा सरळ स्टड उभा करायचा, त्याची पुढची कड तुमच्या रेघेवर आणायची, क्लॅम्पने दाबायचं आणि खिळे किंवा स्क्रू मारायचे, १२ ते १६ इंचांवर, एका रेषेत नाही तर वर-खाली आळीपाळीने. बोर्ड नव्या स्टडवर बसतो, जुना मागे पडतो, त्याचा वाकडेपणा कुणाला दिसत नाही.

नुसतं बोर्डासाठी असेल तर नवा स्टड प्लेटपासून प्लेटपर्यंत घट्ट बसायची गरज नाही, वर-खाली अर्धा इंच मोकळा राहिला तरी चालतो, आणि उभा करायला सोपा जातो. पण जुना स्टड कमजोर आहे म्हणून ताकदीसाठी लावताय तर मात्र पूर्ण उंची हवी आणि दोन्ही प्लेटवर नीट टेकायला हवा. आणि जुना स्टड नव्याच्याही पुढे येत असेल तर तेवढं पोट रंधावंच लागेल, ते टळत नाही.

जुन्या टणक लाकडात खिळा वाकतो किंवा लाकूड फुटतं, त्यामुळे आधी ड्रिलने भोक पाडा. जोडणीला लाकडाच्या बांधकामाचे स्क्रू वापरा. जिप्समचे काळे स्क्रू इथे अजिबात नको, ते ठिसूळ असतात, जोर आला की कडकन तुटतात.

नवं लाकूडच वाकडं निघालं तर?

निघणारच. गोदामातून आणलेलं लाकूड सुकं म्हणून विकलं तरी त्यात १९ टक्क्यांपर्यंत ओल असू शकते, घरात आल्यावर ते आणखी वाळतं आणि वाळताना वळतं. काही दिवस त्याच खोलीत आडवं रचून, मधे पट्ट्या ठेवून हवा लागू द्या. मग एक डोळा मिटून कडेने बघा, सरळ तेवढे बाजूला काढा, वाकलेले कापून छोटे ठोकळे करायला वापरा. निवडण्यात अर्धा तास घालवला की पुढे दिवस वाचतो.

मेटलचे स्टड लावले तर?

चालतात, आणि बोजा न घेणाऱ्या, म्हणजे वरचं वजन जिच्यावर नाही अशा भिंतीत तर फार सोयीचे. पत्र्याचा हलका स्टड सरळच असतो, वाळत नाही, पिळत नाही. जुन्या लाकडाच्या बाजूला लावून रेघेवर आणायचा आणि बाजूने स्क्रू. मात्र त्यावर बोर्ड लावताना बारीक आट्यांचे स्क्रू लागतात, लाकडाचे नाही. आणि मोठी कपाटं किंवा टीव्ही टांगायचा असेल तिथे मधे लाकडाचे आडवे ठोकळे भरून ठेवा, नुसत्या पातळ पत्र्यावर भरवसा नको.

स्टडला काप देऊन पाचर मारून सरळ करतात म्हणे, ते खरं का?

खरं आहे, सुतारांची जुनी युक्ती आहे. स्टडची जी कड आत गेलेली असते, म्हणजे खोलगट बाजू, तिथे मधोमध करवतीने निम्म्याच्या आसपास काप द्यायचा आणि त्यात पाचर ठोकायची. काप उघडतो, ती कड लांबते आणि स्टड सरळ होतो. मग दोन्ही बाजूंनी दोन-तीन फुटांच्या फळ्या खिळ्यांनी घट्ट मारायच्या, हाड मोडल्यावर खपच्या बांधतात तसं.

पण हे फक्त बोजा न घेणाऱ्या आतल्या भिंतीत. बोजा घेणाऱ्या स्टडला निम्म्यापर्यंत कापणं म्हणजे तो जवळपास गेला. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नियमावलीत बोजा घेणाऱ्या स्टडला खोलीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त खाच चालत नाही, बोजा न घेणाऱ्याला ४० टक्के. म्हणजे नियमाने बघितलं तर निम्मा काप आतल्या भिंतीतही मर्यादेबाहेरच जातो, तुमच्याकडचे नियम आधी विचारा. खरं सांगायचं तर मी हा उपाय शेवटचा ठेवतो, सिस्टरिंगला तेवढाच वेळ लागतो आणि काही कापावं लागत नाही.

बोजा घेणारी भिंत ओळखायची कशी?

बाहेरच्या भिंती बोजा घेतातच असं धरा. आतल्या भिंतीच्या वर जमिनीचे किंवा छताचे वासे आडवे येऊन टेकत असतील, त्यांचा सांधा त्या भिंतीवर असेल, किंवा खालच्या मजल्यावर नेमकी तिथेच तुळई किंवा भिंत असेल तर ती बोजा घेते. वासे भिंतीला समांतर असतील तर बहुधा घेत नाही. पण नुसत्या ‘बहुधा’च्या भरवशावर करवत चालवायची नसते, जुन्या घरात मधल्या काळात कुणी काय काय पाडलंय ते माहीत नसतं. शंका असेल तर इंजिनिअर.

स्टड पिळलाय, किंवा बाजूला वाकलाय. काय करू?

बाजूला वाकलेला स्टड भिंतीच्या सपाटपणाला त्रास देत नाही, फक्त बोर्डाचा सांधा त्यावर येत नाही. दोन स्टडच्या मधे मापाचा आडवा ठोकळा ठोकून त्याला जागेवर ढकला आणि खिळे मारा. नाहीतर त्याच्या बाजूला उभी पट्टी ठोका आणि सांधा त्या पट्टीवर घ्या.

पिळलेला स्टड त्रासदायक, कारण त्याची एक धार पुढे येते. थोडा पीळ असेल तर ती धार रंधून टाका. जास्त असेल तर लांब दांड्याचा क्लॅम्प लावून उलटा पीळ द्या आणि तो धरून ठेवलेला असतानाच दोन्ही बाजूंनी ठोकळे ठोका. जुनं लाकूड फार दमदाटी सहन करत नाही, कुरकुर ऐकू आली की थांबा.

प्रत्येक स्टडशी झगडण्यापेक्षा सगळ्यांवर आडव्या पट्ट्या मारल्या तर?

भिंत सगळीकडेच ओबडधोबड असेल तर हा चांगला मार्ग आहे. १६ इंचांवर आडव्या पट्ट्या, प्रत्येक स्टडपाशी मागे पाचरींच्या जोडीने कमीजास्त करून दोरीच्या पातळीत आणायच्या. काम पटापट होतं. तोटा एवढाच की खोली प्रत्येक भिंतीला पाऊण इंच ते इंचभर कमी होते आणि खिडक्या-दारं आत गेल्यासारखी दिसतात. अर्थात जुन्या पट्ट्या आणि प्लास्टर मिळून इंचभर जाडी होतीच, त्यामुळे कित्येकदा या पट्ट्या आणि अर्ध्या इंचाचा बोर्ड लावून भिंत परत जुन्या जागेच्या जवळपास येते. मोजून बघा.

खिडक्या आणि दारांच्या चौकटींचं काय?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर पातळी ठरवतानाच विचारायला हवा. जुन्या चौकटी जुन्या प्लास्टरच्या जाडीला जुळवलेल्या असतात. तुम्ही नुसता अर्ध्या इंचाचा बोर्ड लावला तर चौकट भिंतीच्या पुढे येते आणि भोवतीची पट्टी नीट बसत नाही. म्हणून जुन्या चौकटी ठेवायच्या असतील तर त्यांची कड हीच तुमची पातळी, सगळे स्टड बोर्डाची जाडी सोडून तिथपर्यंत पुढे आणा. भिंत चौकटीच्या पुढे जात असेल तर चौकटीला लाकडी वाढीव पट्टी लावावी लागते. स्विचचे बॉक्सही आठवणीने पुढे घ्या, त्यांना वाढवायच्या रिंग मिळतात.

वायर आणि पाइप स्टडमधून गेलेत, त्रास होईल का?

रंधा मारला तर होऊ शकतो. वायरचं भोक स्टडच्या पुढच्या कडेपासून सव्वा इंच, म्हणजे ३२ मिमी आत असावं असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे, कमी असेल तर पुढून १.६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी ठोकायची म्हणजे बोर्डाचा स्क्रू वायरमध्ये घुसत नाही. तुम्ही ६ मिमी रंधलंत तर भोक तेवढंच पुढे आलं, परत मोजा. आणि ती पट्टी स्वतःच उंचवटा करते, म्हणून पटाशीने तिच्यापुरतं लाकूड खोदून ती कडेशी सपाट बसवा. पॅकिंग दिलं तर उलट फायदाच, वायर आणखी आत जाते.

स्टड दोन मजले सलग वर गेलेत, हे काय आहे?

अशी रचना उत्तर अमेरिकेत १८३० च्या दशकात सुरू झाली आणि साधारण १९३० पर्यंत जोरात चालली, तिला बलून फ्रेमिंग म्हणतात. स्टड पायापासून छतापर्यंत एकच, त्यामुळे त्यांची पोकळीही तळापासून माळ्यापर्यंत सलग. आग लागली तर ज्वाळा त्यातून धुराड्यासारख्या सरळ वर जातात. भिंत उघडलीच आहे तर प्रत्येक मजल्याच्या पातळीला पोकळीत लाकडाचे आडवे ठोकळे घट्ट बसवा. सरळपणा बोंबलला तरी चालेल, हे काम सोडू नका. मधे आधार नसलेला इतका लांब स्टड वाकणारच, ते ठोकळे त्यालाही आवरतात.

जाड बोर्ड किंवा भरपूर गोंद लावून भागेल का?

थोडंफार. ५/८ इंचाचा बोर्ड अर्ध्या इंचाच्या बोर्डापेक्षा ताठ असतो, बारीक खळगे तो झाकून नेतो. गोंदाचा जाड पट्टाही एखाद-दोन मिमीची फट भरतो. पण पोट आलेल्या स्टडवर यातलं काहीच चालत नाही, बोर्ड त्यावर डुलतो.

छताच्या वाशांनाही हेच लागू?

पद्धत तीच, दोरी, ठोकळे, आकडे. फक्त वासे रंधू नका, तिथे बोजा असतोच. बाजूने हलके स्टड लावून खालची पातळी जुळवा.

पॅकिंग दिल्यावर स्क्रू तेवढेच चालतील का?

अर्ध्या इंचाच्या बोर्डाला लाकडात सव्वा इंचाचा स्क्रू पुरतो, कारण स्क्रूचं किमान ५/८ इंच टोक लाकडात जायला हवं. पुठ्ठ्याची जाडी यात मोजायची नाही. म्हणून पॅकिंग जितकं जाड तितका स्क्रू लांब, पण मागे वायर नाही ना ते आधी बघा.

बोर्ड लावून झाला आणि आता पोट दिसतंय. काही करता येईल का?

रंग लागला नसेल तर येईल. लांब पट्टी ठेवून पोट किती ते मोजा. एका सुताच्या आत असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट लांबपर्यंत पुट्टीचे पातळ थर उतरते द्या, रुंद पत्र्याने, एक थर वाळला की पुढचा. नुसत्या उंचवट्यावर पुट्टी घासत बसलात तर पोट तसंच राहून शेजारी नवा डोंगर तयार होतो. पोट त्याहून मोठं असेल तर मन घट्ट करून तेवढा बोर्ड सोडवा, स्क्रूवर पुट्टी बसली नसेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे, स्टड रंधा आणि तोच बोर्ड परत लावा. सांध्यावर टेप आणि पुट्टी बसून गेली असेल तर तो बोर्ड कापून नवा लावणंच सोपं पडतं.